काकांनी ‘रिस्ट्रेन’ला गोल का केला?

वाचकाचे पत्र (थोडे आटोपशीर करून):

‘नमस्कार. मी मुलुंडमधल्या एका जुन्या सोसायटीची सेक्रेटरी. कोणीच तयार होईना म्हणून हे पद माझ्या गळ्यात पडले. आमच्याकडे मराठी, गुजराती, तमिळ, सिंधी अशी सगळी बिऱ्हाडे आहेत, त्यामुळे नोटिसा इंग्रजीत लावायची पद्धत आहे. गेल्या महिन्यात मी बोर्डावर लिहिले, “मेंबर्स आर रिक्वेस्टेड टु रिस्ट्रेन फ्रॉम पार्किंग इन फ्रंट ऑफ द गेट.” दुसऱ्या मजल्यावरचे काका निवृत्त अधिकारी आहेत. त्यांनी लाल पेनने “रिस्ट्रेन”ला गोल केला आणि फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग. मी शब्दकोश उघडला, तर “रिस्ट्रेन” म्हणजे आवरणे, रोखणे. “रिफ्रेन” म्हणजेही आवरणे, रोखणे. मग माझे चुकले काय? मुलगा म्हणतो, दोन्ही चालते, कोण बघतेय. शिवाय ज्यांची स्कूटर गेटसमोर असते त्यांनी ग्रुपवर लिहिले आहे, “इफ यू टच माय स्कूटर, आय विल स्टे यू. धिस इज राँगफुल रिस्ट्रेंट.” याला घाबरायचे की हसायचे? आणि एक शेवटचे. पुढच्या महिन्यात एजीएम, म्हणजे वार्षिक सर्वसाधारण सभा आहे, तिची मिनिट्स मलाच लिहायची आहेत. ठरावाला जे ना हो म्हणतात ना नाही, त्यांच्यासाठी काय लिहू?’

– एक सेक्रेटरी, मुलुंड


सेक्रेटरीताई,

निकाल आधी सांगते. काकांचा गोल योग्य शब्दाभोवती पडला आहे. तिथे ‘रिफ्रेन’ हवे होते, आणि मुलाचे ‘दोन्ही चालते’ इथे चालणार नाही. फोटो काढून ग्रुपवर टाकण्याची काही गरज नव्हती, पण तो इंग्रजीचा प्रश्न नाही.

चूक कशी झाली ते मात्र नीट बघण्यासारखे आहे, कारण ती तुम्हाला इंग्रजी येत नाही म्हणून झालेली नाही. शब्दकोशाने तुम्हाला अर्धेच सांगितले म्हणून झाली. आणि गंमत म्हणजे उरलेले अर्धे तुम्हाला मराठीतून आधीच येते. गाडी थांबते. गार्ड गाडी थांबवतो. ‘गाडी थांबवते’ असे म्हणून वाक्य तिथेच सोडले, तर कोणीही विचारेल, कोणाला थांबवते? हा ‘व’ आपण न शिकता बोलतो. थांबणे आणि थांबवणे, बसणे आणि बसवणे, पळणे आणि पळवणे. एकात करणारा स्वतः थांबतो, दुसऱ्यात तो कोणाला तरी थांबवतो.

‘रिफ्रेन’ हे थांबणाऱ्याचे क्रियापद आहे. ‘रिस्ट्रेन’ हे थांबवणाऱ्याचे. ‘रिफ्रेन’ला कर्म लागत नाही, लावताही येत नाही: ‘प्लीज रिफ्रेन फ्रॉम स्मोकिंग’, बस्स. ‘रिस्ट्रेन’ला मात्र कोणाला किंवा कशाला तरी आवरायचे असते: ‘वॉचमनने कुत्र्याला आवरले’ म्हणजे ‘द वॉचमन रिस्ट्रेन्ड द डॉग’. तुमच्या नोटिशीत मेंबरांना विनंती आहे की आवरा, पण कोणाला, ते लिहिलेलेच नाही. वाचणारा तिथे अडखळतो आणि इंग्रजी मुरलेला वाचणारा हसतो.

आता कोणी म्हणेल, मग ‘रिस्ट्रेन देमसेल्व्ज’ लिहू, स्वतःला आवरा. व्याकरण सुटेल, पण अर्थ भलताच रंगेल. ‘रिस्ट्रेन वनसेल्फ’ म्हणताना आतून काहीतरी उसळून आलेले असते: राग, रडू, हसू, समोरच्याच्या कानाखाली वाजवण्याची इच्छा. तुमच्या मेंबरांना गेट दिसताच तिथे स्कूटर लावण्याची अनावर उबळ येते आणि ती त्यांनी महत्प्रयासाने दाबावी, असा त्या नोटिशीचा सूर होईल. त्यावर काकांना दुसरे पेन काढावे लागेल.

हा फरक शब्दांच्या मुळातही दिसतो, पण मुळावर फार विसंबू नका. ती लक्षात ठेवायला बरी, लिहिताना कामाची नाहीत. ‘रिफ्रेन’ हे लॅटिनमधल्या लगामाच्या शब्दावरून आलेले आहे. ‘रिस्ट्रेन’ हे घट्ट ओढून बांधण्याच्या शब्दावरून, म्हणूनच ‘स्ट्रिक्ट’ आणि ‘रिस्ट्रिक्ट’ ही त्याची भावंडे. लगाम दोघांनाही घालता येतो, तेव्हा मुळावरून कोण कोणाला आवरतो हे कळत नाही. ते वाक्यातच बघावे लागते. आणि गाण्याचे जे ध्रुवपद, त्यालाही इंग्रजीत ‘रिफ्रेन’ म्हणतात, पण त्या शब्दाचा लगामाशी संबंध नाही. तो मोडण्याच्या, तोडण्याच्या लॅटिन शब्दावरून आला आहे. कडव्यामागून कडवे तोडून पुन्हा तीच ओळ येते ती. आपण ‘तेच तेच पालुपद लावलंय’ म्हणतो ना, अगदी त्याच वैतागाने इंग्रजीतही ‘द सेम ओल्ड रिफ्रेन’ म्हणतात. पार्किंगचा विषय तुमच्या एजीएममध्ये दरवर्षी निघत असेल, तर तो दोन्ही भाषांत पालुपदच.

शब्दकोशाचे म्हणाल तर इंग्रजी-मराठी कोश वाईट नसतात. त्यांचे काम मराठी शब्द देण्याचे, आणि ‘आवरणे’ हा शब्द दोन्हीकडे खरोखरच बसतो. मराठीत ‘आवर’ची व्याप्तीच एवढी आहे: राग आवरतो, पसारा आवरतो, आणि बाहेर जायच्या वेळी ‘आवर लवकर’ म्हणजे चक्क घाई कर. एवढ्या ऐसपैस शब्दाखाली दोन इंग्रजी क्रियापदे सहज झाकली जातात. म्हणून क्रियापद शोधायचे असेल तेव्हा इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी केलेला इंग्रजी-इंग्रजी कोश बघा. तिथे अर्थाच्या आधी छोट्या अक्षरांत साचा दिलेला असतो. ‘रिस्ट्रेन समबडी फ्रॉम डूइंग समथिंग’. त्यात ‘समबडी’ आहे की नाही, एवढेच बघायचे. या प्रकारच्या कोशाची पायवाट घातली ती ए. एस. हॉर्नबी या शिक्षकाने. ते जपानमध्ये इंग्रजी शिकवत आणि त्यांचा कोश 1942 साली टोकियोत छापला गेला. जपानी विद्यार्थीही शब्दाचा अर्थ बरोबर पाठ करून वाक्य चुकवत होते. त्यामुळे कोशात क्रियापदांचे साचे हवेत, हा त्यांचा आग्रह.

(फोर्टातला जुना हॉर्नबी रोड, म्हणजे आजचा दादाभाई नौरोजी रोड, यांचा नव्हे. तो अठराव्या शतकातला गव्हर्नर विल्यम हॉर्नबी. पण त्याचीही गंमत आपल्या विषयातलीच आहे. त्याचे नाव टिकले ते महालक्ष्मी आणि वरळी यांच्यामधून आत घुसणारे भरतीचे पाणी अडवणाऱ्या बांधामुळे. हॉर्नबी वेलार्ड तो हाच, आता तिथून लाला लजपतराय मार्ग जातो. आणि इंग्रजीतल्या ‘स्टॉप’चा मूळ अर्थही थांबणे नव्हताच, भोक बुजवणे, बूच मारणे हा होता. बाटलीचा ‘स्टॉपर’ आणि नळाचा ‘स्टॉप कॉक’ अजून तोच अर्थ सांभाळून आहेत. भगदाड बुजवणारा हॉर्नबी शब्दशः ‘स्टॉप’च करत होता.)

‘स्टॉप’ निघालाच आहे तर त्याचेही सांगते, कारण गोंधळाची सुरुवात बहुधा तिथे होते. इंग्रजीत थांबणे आणि थांबवणे दोन्हीला हाच एक शब्द. ‘द ट्रेन स्टॉप्स ॲट दादर’ यात गाडी थांबते. डब्यातल्या लाल साखळीजवळच्या ‘टु स्टॉप ट्रेन पुल चेन’ या पाटीत ती थांबवली जाते. (विनाकारण ओढू नका; रेल्वे कायदा 1989 च्या कलम 141 खाली एक वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.) ‘स्टॉप’ दोन्हीकडे चालतो, म्हणून आपल्याला वाटते की त्याचे सगळे नातेवाईकही चालतील. तसे नाही. ‘रिफ्रेन’, ‘डिसिस्ट’, ‘ॲब्स्टेन’ हे फक्त थांबणारे. ‘रिस्ट्रेन’, ‘प्रिव्हेंट’, ‘प्रोहिबिट’ हे फक्त थांबवणारे.

‘स्टॉप’च्या मागे काय येते यावरही अर्थ उलटतो. ‘दे स्टॉप्ड टु टॉक’ म्हणजे ते बोलायला थांबले. ‘दे स्टॉप्ड टॉकिंग’ म्हणजे ते बोलायचे थांबले. मराठीतही फरक ‘ला’ आणि ‘चे’ एवढाच आहे, तेव्हा हे तुम्हाला अवघड नाही. जास्त सांभाळायचे ते ‘कीप’. ‘द रेन केप्ट मी फ्रॉम गोइंग’ म्हणजे पावसाने मला जाऊ दिले नाही. त्यातला ‘फ्रॉम’ गळाला की ‘केप्ट मी गोइंग’, म्हणजे पावसाने मला चालते ठेवले, पार उलटे. ‘स्टॉप’ आणि ‘प्रिव्हेंट’ यांच्यामागचा ‘फ्रॉम’ ब्रिटिश इंग्रजीत गाळला तरी अर्थ तोच राहतो. ‘कीप’चा कधी गाळायचा नाही. ‘अव्हॉइड’च्या मागे ‘फ्रॉम’ही नाही आणि ‘टु’ही नाही. ‘अव्हॉइड टु पार्क’ मी मुंबईच्या कितीतरी भिंतींवर वाचले आहे. ‘अव्हॉइड पार्किंग’ एवढेच पुरते. ‘फॉरबिड’ला परंपरेने ‘टु’, ‘प्रोहिबिट’ला ‘फ्रॉम’. याला कारण विचारू नका, रूढी आहे.

आता स्कूटरवाल्या गृहस्थांचे इंग्रजी. ‘आय विल स्टे यू’ या वाक्याला घाबरू नका. ते तुम्हाला लागूच होत नाही. मुंबईत घरमालकापासून भाडेकरूपर्यंत प्रत्येकाच्या तोंडी ‘स्टे आणीन’ असते, कारण जुन्या इमारती, पालिकेच्या नोटिसा आणि कोर्ट यांचे या शहरात जुने नाते आहे. पण स्टे मिळतो तो कामाला: कारवाईला, आदेशाच्या अंमलबजावणीला, खालच्या कोर्टात चाललेल्या खटल्याला. ‘द कोर्ट स्टेड द डिमॉलिशन’, कोर्टाने पाडकामाला स्थगिती दिली. माणसाला स्टे देत नाहीत. माणसाला अमुक करू नकोस म्हणून कोर्ट बजावते तेव्हा क्रियापद येते ते तुमचेच, ‘रिस्ट्रेन’. ‘द डिफेंडंट इज रिस्ट्रेन्ड फ्रॉम एंटरिंग द प्रिमायसेस’, प्रतिवादीला जागेत शिरायला मनाई. हा मनाई हुकूम, म्हणजे इंजंक्शन. तात्पुरता असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर 39 खाली, कायमचा असेल तर 1963 च्या स्पेसिफिक रिलीफ कायद्याखाली. मराठी वर्तमानपत्रांनी यात एक झकास भर घातली आहे: ‘जैसे थे’. ‘स्टेटस को’ला एवढा नेमका शब्द मला दुसरीकडे दिसलेला नाही.

म्हणजे त्या गृहस्थांना ‘आय विल गेट यू रिस्ट्रेन्ड’ म्हणायचे होते. ग्रुपवर दुरुस्त करून देऊ नका.

कोर्टाच्या ‘रिस्ट्रेन’बद्दल एक गोष्ट शब्दकोशात सापडत नाही. हे क्रियापद पुढे बघते. जे व्हायचे आहे ते अडवते, जे होऊन गेले त्याला ते लागत नाही. आरेच्या झाडांचे आठवत असेल. 4 ऑक्टोबर 2019 ला मुंबई उच्च न्यायालयाने झाडतोडीविरुद्धच्या याचिका फेटाळल्या, त्याच रात्री मेट्रोच्या कारशेडच्या जागेवर कुऱ्हाडी चालू झाल्या, आणि 7 तारखेला सर्वोच्च न्यायालयाने यापुढे झाडे तोडू नका म्हणून बजावले. तोवर लागणारी झाडे तोडून झाली आहेत असे सरकारतर्फे सांगण्यात आले होते. मेट्रो कॉर्पोरेशनने दिलेला आकडा 2,141 होता. आदेश ‘यापुढे’चा होता आणि ‘यापुढे’ फारसे काही उरले नव्हते. झालेले काम उलटवून घ्यायचे असेल, उदाहरणार्थ बांधलेली भिंत पाडून घ्यायची असेल, तर कायद्यात त्यासाठी मॅन्डेटरी इंजंक्शन नावाचा वेगळा प्रकार आहे. तो मिळवणे पुष्कळ अवघड, आणि त्यात क्रियापद ‘रिस्ट्रेन’ नसते.

‘राँगफुल रिस्ट्रेंट’ हा शब्द मात्र त्यांनी हवेतून काढलेला नाही. तो गुन्हा आहे. जुन्या दंडसंहितेत तो कलम 339 मध्ये होता, 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम 126 मध्ये आहे. एखाद्याला ज्या दिशेने जायचा हक्क आहे त्या दिशेने त्याला जाता येऊ नये अशा रीतीने मुद्दाम अडवणे, अशी त्याची व्याख्या. शिक्षा एक महिन्यापर्यंत साधी कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. सोबतचे उदाहरणही साधे आहे: ज्या वाटेने झेडला जायचा हक्क आहे ती वाट ए अडवतो, आणि ती अडवायचा आपल्याला हक्क आहे असे त्याला प्रामाणिकपणे वाटतही नसते. याच्या शेजारचा गुन्हा ‘राँगफुल कन्फाइनमेंट’, कलम 127. त्यात एखाद्याला चारही बाजूंनी कोंडलेले असते, म्हणून शिक्षाही एक वर्षापर्यंत जाते. एक दिशा बंद केली तर ‘रिस्ट्रेंट’, सगळ्याच बंद केल्या तर ‘कन्फाइनमेंट’. इंग्रजीत या दोन शब्दांतला फरक इतका स्वच्छ मी कुठल्या कोशात पाहिलेला नाही. तो कायद्याच्या पुस्तकात आहे.

व्याख्येत ‘माणूस’ आहे हे तुमच्या लक्षात आले असेलच. बोर्डावर कागद चिकटवल्याने कोणाची वाट अडत नाही. उलट गेटसमोर आडवी लावलेली स्कूटर इतरांची वाट अडवते की नाही, हा प्रश्न त्या गृहस्थांनी स्वतःला विचारून पाहावा. मात्र उद्या वॉचमनला सांगून त्यांच्या स्कूटरला साखळी घालणार असाल किंवा गेट बंद करून त्यांना बाहेर उभे करणार असाल, तर आधी वकिलाला विचारा, मला नाही. मी शब्द बघते, कायदा चालवत नाही. सोसायटीच्या कारभारातले बरेचसे वाद सहकार कायद्याच्या कलम 91 खाली सहकार न्यायालयात जातात, आणि तिथल्या तारखा स्कूटरपेक्षा जास्त जागा अडवतात.

‘रिस्ट्रेंट’ या नामाची आणखी दोन रूपे तुमच्या रोजच्या नजरेत आहेत. गाडीच्या स्टीअरिंगवर ‘एसआरएस’ अशी तीन अक्षरे असतात. त्यातला ‘आर’ म्हणजे हाच रिस्ट्रेंट: धक्का बसला की तुमचे शरीर पुढे जाऊ न देणारी पूरक व्यवस्था, म्हणजे एअरबॅग. मुख्य रिस्ट्रेंट सीटबेल्ट, एअरबॅग त्याच्या जोडीला. म्हणून तर बेल्ट न लावता एअरबॅगवर भिस्त ठेवू नये. दुसरे रूप बातम्यांत. सीमेवर तणाव वाढला की कुठले तरी तिसरे राष्ट्र दोघांना ‘एक्सरसाइज रिस्ट्रेंट’ म्हणते. तिथे मात्र आपल्याकडे ‘संयम राखा’ येते, आणि इथे आवरणारा आणि आवरला जाणारा एकच असतो. ‘रिफ्रेन’ला असे रोजच्या वापरातले नाम नाही. ‘रिफ्रेनमेंट’ म्हणून एक शब्द कोशात पडून आहे. त्याला तिथेच पडू द्या.

आता नोटीस. ‘रिस्ट्रेन’ खोडून ‘रिफ्रेन’ लिहिलेत की वाक्य शुद्ध होईल. पण मी ते वाक्यच ठेवणार नाही. ‘मेंबर्स आर रिक्वेस्टेड टु रिफ्रेन फ्रॉम’ ही जुन्या सरकारी कचेरीतली भाषा. ती आपल्याला सभ्य वाटते, पण स्कूटर लावून घाईत जिना चढणारा तिच्यातला ‘पार्किंग’पर्यंत पोचतच नाही. शिवाय ‘रिफ्रेन’मध्ये निव्वळ विनंती आहे. ‘नॉट अलाऊड’ म्हटले की नियम आला. ‘प्रोहिबिटेड’ म्हटले की तो नियम कोणी केला, कमिटीने की सर्वसाधारण सभेने, हे दाखवायची तयारी हवी. ‘रिस्ट्रेन्ड’ कोर्टाने म्हणावे. कुठल्या पायरीवर उभ्या आहात ते ठरवून क्रियापद घ्या. ठराव झालेला नसेल तर विनंतीच्या पायरीवर राहा, पण साध्या शब्दांत, आणि कारण लिहा. कारण लिहिलेली नोटीस लोक जास्त पाळतात, असे मला सोसायट्यांचे बोर्ड बघून वाटत आले आहे.

इंग्रजीत: ‘प्लीज डू नॉट पार्क हिअर. द फायर इंजिन नीड्स धिस स्पेस टु कम इन.’

त्याच्या वर, मोठ्या अक्षरांत: ‘गेटसमोर गाड्या लावू नयेत. अग्निशमन दलाची गाडी आत येण्यासाठी ही जागा मोकळी हवी.’

मराठी वर का, असे कोणी विचारले तर सांगा की ती लहान आहे. ‘लावू नयेत’ या दोन शब्दांत जे बसले त्यासाठी इंग्रजीला ‘रिक्वेस्टेड टु रिफ्रेन फ्रॉम’ एवढी वरात काढावी लागते. शिवाय ‘नये’मध्ये बोट कोणाकडेच नसते. थांबवणारी सेक्रेटरी नाही, थांबणारा स्कूटरवाला नाही, ही इथली रीत आहे एवढेच. शेजाऱ्यांच्या नोटिशीला हा सूर फार सोयीचा. आणि तुमच्या तमिळ, सिंधी मेंबरांना एवढे मराठी नक्की कळते. मुंबईत राहून ‘थुंकू नये’ न वाचलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही.

काकांबद्दल एवढेच, की त्यांना आवरणे हे ‘रिस्ट्रेन’चे काम आहे आणि ते तुमच्या कक्षेत येत नाही. ग्रुपवर ‘दुरुस्ती केली आहे, धन्यवाद’ असे लिहून नवी नोटीस लावा. पुढची इंग्रजी नोटीस बोर्डावर जाण्याआधी त्यांच्याकडे पाठवली तरी हरकत नाही. निवृत्त अधिकाऱ्यांना कच्चा मसुदा तपासायला मिळाला की ते खूश असतात, आणि मग ग्रुपवर फोटो टाकायला काही उरत नाही.

राहिले मिनिट्स. मतदानाला हजर राहून ज्याने हात वर केला नाही त्याच्यासाठी ‘ॲब्स्टेन’. हेही थांबणाऱ्याचेच क्रियापद, ‘रिफ्रेन’सारखे. फरक असा की ‘ॲब्स्टेन’ ठरवून, समजून, बहुधा तत्त्वाने दूर राहतो. संयुक्त राष्ट्रांत भारत तटस्थ राहिला की इंग्रजी बातमीत हाच शब्द असतो. मराठी मिनिट्समध्ये ‘तटस्थ’ लिहा. इंग्रजीत: ‘एटीन इन फेव्हर, थ्री अगेन्स्ट, फाइव्ह ॲब्स्टेन्ड.’ तटस्थांना बाजूच्या किंवा विरुद्धच्या आकड्यात मिसळू नका, त्यांचा आकडा वेगळा दाखवा. नाम वापरायचे झाले तर ‘ॲब्स्टेन्शन’. ‘ॲब्स्टिनन्स’ नको, ते दारू सोडणाऱ्यांसाठी आहे. आणि ‘ॲब्सेंट’शी गल्लत करू नका: ‘ॲब्सेंट’ म्हणजे जो सभेला आलाच नाही. त्याची नोंद हजेरीपटावर होते, मतांमध्ये नाही. आला, चहा घेतला, ठरावाच्या वेळी फोनवर बोलत बाहेर गेला, अशांचे काय, हे तुम्ही विचारणार. मतदानाच्या क्षणी खोलीत नव्हता तर तो ना बाजूचा, ना विरुद्धचा, ना तटस्थ; मिनिट्समध्ये ‘लेफ्ट द मीटिंग बिफोर द व्होट’ लिहा आणि जमल्यास वेळ टाका.